पिवळ्या पानातली कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हणजे सत्तावीस दिवसांची. हसू नका. ज्वारीच्या पानात सत्तावीस दिवस राबणे म्हणजे काय असते, ते तुम्हांला ठाऊक नाही. माझ्याबरोबर घडलेल्या बहुतेक जणी केव्हाच संपल्या. मी लोखंडाची नाही. मला पाती नाहीत, मूठ नाही आणि मला धार लावायला दारावर कोणी येत नाही. सुईच्या टोकावर माझ्यासारख्या लाखो जणी बसल्या, तरी जागा उरेल. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात आम्हांला विकर म्हणतात. विकरांची जात मोठी आणि प्रत्येकाचा धंदा वेगळा. आमचा धंदा प्रथिने तोडण्याचा, म्हणून आम्हांला प्रोटिएज असे भारदस्त नाव दिले आहे. नाव मला आवडते, पण पानात त्या नावाने मला कोणी हाक मारली नाही.

तुला कान नाहीत, मग माणसांचे बोलणे ऐकलेस कसे, असे तुमच्यातला एखादा चौकस विद्यार्थी विचारीलच. बाळा, कात्रीला बोलू दिले आहेस, तर ऐकूही दे.

हिंगोली जिल्ह्यात, सेनगाव तालुक्यात, साखरा नावाचे गाव आहे. तिथे नामाजी आणि यशोदाबाई हे म्हातारे जोडपे राहते. नामाजीच्या अकरा शेळ्या आहेत. जमीन सगळी कोरडवाहू आणि ती मुलगा प्रभू कसतो. पण घराला लागून असलेल्या एका गुंठ्याच्या पट्टीला यशोदाबाईने कोणाला हात लावू दिलेला नाही. तिथे ती तिच्या माहेरची ज्वारी पेरते. लग्नात तिच्या आईने पिशवीत दोन पायली बी घालून दिले होते. तेव्हापासून दर वर्षी पेरायचे आणि त्यातलेच बी पुढच्या वर्षासाठी राखायचे, हा तिचा नेम. डोंगरकड्याला तिच्या माहेरी आता केळीच्या बागा झाल्या, ज्वारी कोणी लावत नाही. कळमनुरीच्या बाजारातही तिने चारदा विचारून पाहिले. तो दाणा आता कोणाकडेच नाही.

मागच्या पावसाळ्यात घराचे छत गळले आणि बियाचे मडके आतून बुरशीने काळे पडले. आढ्याला टांगलेली चार कणसे तेवढी वाचली. ती चारही तिने या वर्षी पेरून टाकली. प्रभू तिला म्हणाला होता, "माय, थोडं तरी मागं ठेव."

"जुनं झालं तर उगवत न्हाई लेका," ती म्हणाली. "बी मातीतच जितं राहते."

तेव्हा मित्रांनो, एवढे ध्यानात ठेवा. त्या पट्टीत दाणे भरले तर यशोदाबाईची ज्वारी जगणार होती. न भरले तर ती ज्वारी या जगातून जाणार होती.

आमचे घराणे फार जुने. ज्वारी नव्हती, गवत नव्हते, जमिनीवर हिरवे म्हणून काही नव्हते, तेव्हापासूनचे. यशोदाबाईच्या पट्टीच्या पलीकडे ग्यानोबांचे शेत आहे. त्यांच्या शेततळ्यात शेवाळ साचलेले असते. लोक त्याला घाण म्हणतात आणि पाय घसरला की शिव्या देतात. त्या शेवाळात आमची भावकी राहते. उन्हापासून अन्न बनवणारे एक हिरवे यंत्र शेवाळात असते, तसेच ते पानातही असते. ऊन वाजवीपेक्षा जास्त झाले की त्या यंत्राचा एक भाग सगळ्यांत आधी जळतो. आमच्या भावकीतल्या कात्र्या तो जळका भाग तोडून काढतात, मग तिथे नवा बसतो. दिवसभर हेच चालते. पाणी आटले आणि खाण्याला काही उरले नाही, की त्या घरातलेच जुने सामान मोडतात आणि त्यावर शेवाळ तग धरते. तळ्यात पुन्हा पाणी आले की लोक म्हणतात, हे मेले कसे नाही! कसे मरेल? आत कात्र्या बसल्या होत्या.

माझा जन्म डिसेंबरातला. या वर्षी पाऊस सप्टेंबर संपायच्या आतच पाठ फिरवून गेला होता. जमिनीला भेगा पडल्या, त्यांत तुमचा हात मनगटापर्यंत जाईल अशा. मुळांना पाणी मिळेना, तसा त्यांनी वर निरोप धाडला. तो पानांत पोचला आणि पानांनी कात्र्या घडवायला घेतल्या. तिसऱ्या ओळीतल्या सातव्या ताटावर, खालून चौथ्या पानात मी घडले. ज्वारीच्या एका रोपाला इकडे ताट म्हणतात.

आम्हांला घडवतात तेच म्यान घालून. कारण उघड आहे. उघडी कात्री जिथे जन्मेल तिथेच चालेल आणि घडवणाऱ्याचेच हात कापेल. म्हणून म्यानासकट आम्हांला पेशीतल्या एका कोठीत नेऊन ठेवतात. तिथे मी दोन दिवस नुसती पडून होते. तरुण रक्त, हाताला काम नाही, फार चिडचिड झाली. मग एका दुपारी ऊन असे तापले की पानाने स्वतःची गुंडाळी करून घेतली. माझ्यासारख्याच एका थोरलीने माझे म्यान कापून काढले आणि म्हणाली, लाग कामाला. तिच्याशी माझे एवढेच बोलणे झाले. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

पहिले पंधरा दिवस माझ्या आयुष्यातले चांगले दिवस. उन्हाने प्रथिने वाकडीतिकडी होतात आणि एकमेकांत गुंततात. ती तशीच राहिली तर गुंता वाढतो आणि पेशी आतून गुदमरते. त्यातली कुठली सुधारतील आणि कुठली सुधारणार नाहीत, हे ओळखावे लागते. सुधारणाऱ्यांना दुसरे कोणी सरळ करत असे. न सुधारणारी माझ्याकडे येत. मी त्यांचे बारीक तुकडे करायची आणि त्याच तुकड्यांतून पान नवी प्रथिने उभी करायचे. कोणी शाबासकी दिली नाही. पण माझे पान रोज दुपारी गुंडाळायचे आणि रोज सकाळी पुन्हा उलगडायचे, हीच माझी शाबासकी होती. ते उलगडले की मला फार बरे वाटे.

आणि रोज सकाळी यशोदाबाई यायची. हातपंपावरून घागर भरून आणायची आणि एकेका ताटाच्या मुळाशी तांब्याभर पाणी घालायची. तिचे गुडघे दुखत. ओळीत बसत बसत पुढे सरकायची आणि ताटांशी बोलायची. "पी माय, पी. कालच्याला तुला कमी पडलं होतं." तांब्याभर पाण्याने काय होते, असे तुम्ही म्हणाल. फार नाही होत. पण तेवढ्यावर आम्ही दिवस काढत होतो.

मग कणीस बाहेर पडले.

कणीस पोटऱ्यातून, म्हणजे शेंड्याच्या पानाच्या वेढ्यातून, वर आले, त्याला फुलोरा आला आणि ताटाचे सगळे चित्त तिकडे लागले. दाणा भरायला प्रथिने लागतात. ती बनवायला लागणारा ऐवज मुळांनी मातीतून वर पाठवायचा असतो. पण सुक्या मातीतून काही वर येईना. मग खालच्या पानांना दुसरा हुकूम आला. तुमच्याकडे जे आहे ते मोडा आणि वर पाठवा.

मित्रांनो, पंधरा दिवस मी ज्या हिरव्या यंत्राची डागडुजी केली होती, तेच मला आता मोडायचे होते. मला वाईट वाटले. खोटे कशाला बोलू, मी थोडी टंगळमंगळही केली. पण शेजारच्या पेशीतल्या कात्र्या कामाला लागल्या होत्या आणि आमच्यात एकटीने मागे राहायची रीत नाही. मी टोकाकडून सुरुवात केली. एकेक भाग सोडवायचा, त्याचे तुकडे करायचे आणि शिरेच्या वाटेला लावायचे. शिरेतून ते देठाकडे जात, देठातून खोडात आणि खोडातून वर कणसात. हिरवेपण मोडले की पान पिवळे दिसते. टोक पिवळे झाले, मग कडा, मग हळूहळू आत. लोकांना वाटते पान मरायला लागले. मरते तर आहेच, पण रिकाम्या हाताने मरत नाही. घरातले भांडेकुंडे आधी लेकीच्या घरी पोचवते आणि मग दार लावते.

हे काम घाईचे नाही. एका पानाला दहा-बारा दिवस लागतात. सगळे पोचले की पान वाळते आणि आपोआप खाली लोंबते. तोवर त्याला कोणी हात लावू नये, एवढीच अट असते.

पहिले पिवळे पान यशोदाबाईला पहिल्या ओळीत दिसले. ती घागर खाली ठेवून बघत राहिली.

"आवं, इकडं या जरा," तिने नामाजीला हाक मारली. "हे काहून पिवळं पडून राहिलं? कालपरवापर्यंत चांगलं होतं."

नामाजी शेळ्या सोडायच्या गडबडीत होता. तो आला, त्याने पान उलटेसुलटे करून पाहिले. तो जन्मभर शेळ्या राखलेला माणूस. त्याच्याइतकी शेळी त्या गावात कोणाला कळत नसेल. ज्वारीचे पानही त्याने शेळीसारखेच तपासले.

"रोग हाय," तो म्हणाला. "शेळीला रोग लागला तर आपण काय करतो, प्रभूची माय? पहिल्या दिवशीच कळपातून भाईर काढतो का न्हाई? मंग बाकीच्या वाचतात. पानाचं बी तसंच. पिवळं दिसलं की तोडायचं."

"तोडल्यानं ताटाला तकलीफ नाही ना व्हायची?"

"तकलीफ कशाची? उलट पाणी वाचंल. मरणाऱ्याला पाणी पाजून काय उपेग?"

शेळ्यांच्या बाबतीत ते बरोबर होते. त्या जोरावर त्याने अकरा शेळ्या दोन साथींतून वाचवल्या होत्या. पण पान म्हणजे शेळी नव्हे. शेळीचा रोग दुसऱ्या शेळीला लागतो. पानाचे पिवळेपण कोणाला लागत नाही. मला हे ओरडून सांगायचे होते. पण कात्रीचा आवाज पानाबाहेर कुठे जातो?

त्या दिवसापासून यशोदाबाई सकाळी पाणी घालायची आणि पाठोपाठ, गुडघ्यांमुळे एका वेळी एकच ओळ धरून, पिवळी पाने काढायची. ती निष्काळजी असती, तर आमची ज्वारी वाचली असती. तिला त्या ज्वारीची इतकी काळजी होती की टोकाला बोटभर पिवळे दिसले तरी ती ते पान सोडत नसे. पानाच्या बुडाशी अंगठा लावून अलगद मोडायची, ताटाला धक्का बसू द्यायची नाही. पाने टोपलीत जायची आणि टोपली शेळ्यांपुढे. शेळ्या त्या पानांवर तुटून पडायच्या. का नाही पडणार? कणसाचा सगळा घास त्या पानातच होता.

"दूध वाढलं बरं का," नामाजी चौथ्या दिवशी म्हणाला. "मी म्हणलो नव्हतो? दोन्हीकडून फायदा हाय."

यशोदाबाई हसली. मला तिचे हसणे आठवले की अजून कसेतरी होते.

पहिली ओळ तीन दिवसांत खालून बोडकी झाली. मग दुसरी. खालची पाने गेली, तेव्हा कणसाने वरच्या पानांकडे मागणी केली. मग वरची पाने वेळेआधी पिवळी पडू लागली आणि यशोदाबाईला वाटले, रोग वर चढतो आहे. तिने हात आणखी लवकर चालवला. पाने काढली की पिवळेपण वाढायचे आणि पिवळेपण वाढले की ती आणखी पाने काढायची. या फेऱ्यात तिला कोणी थांबवले नाही. प्रभू म्हणाला, "माय, फवारणी करून टाकू," पण बियाच्या ज्वारीवर औषध नको, असे तिने ठरवले होते. हातानेच वाचवायची, असा तिचा हट्ट.

तिसऱ्या ओळीत ती आली, तेव्हा मी दुप्पट वेगाने काम करत होते. माझे अर्धे पान पिवळे, अर्धे हिरवे. निम्मा ऐवज वर पोचला होता, निम्मा माझ्यापाशी. अजून सहा दिवस मिळाले असते तर सगळे गेले असते. तिने आधी मुळाशी पाणी घातले. "पी माय," ती म्हणाली. मग तिचा अंगठा पानाच्या बुडाशी आला. तिचा हात गरम होता आणि बोटांना राखेचा वास येत होता.

वाट तुटली.

टोपलीत पडल्यावर मी थांबले असेन, असे तुम्हांला वाटेल. नाही थांबले. आम्हांला थांबता येत नाही. पान तोडले तरी कात्री चालतच राहते, काही काळ तर जास्तच जोराने चालते. मी तोडत होते, तुकडे शिरेला लावत होते आणि शिरेच्या टोकाशी ते साचत होते. पुढे खोड नव्हते. माझ्या आयुष्यात मी इतके फुकट काम कधी केले नव्हते.

टोपली ओट्यावर होती. नामाजी शेळ्यांना पाणी पाजून यायचा होता. तेवढ्यात ग्यानोबांची नात सपना आली. सपना हिंगोलीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकते. त्या दिवशी रविवार होता, म्हणून ती घरी आलेली. आजीसाठी शेळीचे दूध मागायला आली आणि टोपलीकडे बघत राहिली.

"मावशी, ही पानं काहून तोडली?"

"रोग पडला न गं पोरी. आठ दिस झाले, काढूनच राहिले मी. सरता सरत न्हाई."

सपनाने टोपलीतून एक पान उचलले. ते माझे होते. तिने ते उजेडात धरले, उलटे केले, शिरेवरून बोट फिरवले. मग ती पट्टीत गेली आणि ताटांकडे बघून परत आली. येताना तिची चाल हळू झाली होती. चांगली मुलगी आहे ती. बोलायच्या आधी खाली बसली.

"मावशी, रागावू नका. हा रोग न्हाई." ती थांबत थांबत सांगू लागली. "पाणी कमी पडलं की ताट खालच्या पानातलं सत्त्व काढून कणसाला देते. पानात बारीक कात्र्या असतात समजा. त्या पानातलं तोडून तोडून वर पाठवून राहतात. म्हणून पान पिवळं दिसते. ते देणं चालू असतानीच आपण तोडलं, तर कणसाला कुठून भेटंल?"

यशोदाबाईने तिच्याकडे पाहिले. मग ती उठली, गुडघ्यावर हात ठेवत पट्टीत गेली आणि पहिल्या ओळीतले एक कणीस मोडून आणले. ते तिने तळहातावर चोळले आणि फुंकर मारली. फोलपट उडाले. हातावर पाच-सहा दाणे राहिले, तेही सुरकुतलेले, चपटे. तिने एक दाणा दाताखाली धरला. दात लागायच्या आधीच तो चुरला.

"पोचट हाय," ती म्हणाली.

सपनाने तिच्या तळहातावरचे उरलेले दाणे चिमटीत घेऊन पाहिले.

"मंग मीच मारलं म्हण की."

"तुमाला कोणी सांगितलंच न्हाई, मावशी."

"शेळीसारखं वाटलं गं आमाला," यशोदाबाई म्हणाली. "शेळीसारखंच वाटलं."

नामाजी ओट्याच्या पायरीवर येऊन उभा राहिला होता. त्याने सगळे ऐकले असावे. त्याने टोपली उचलली नाही आणि शेळ्या ओरडत होत्या तरी तिकडे गेला नाही. बराच वेळ तो पायातली वहाण नीट करत बसला. ती नीटच होती.

सपनाने एकेक ओळ फिरून पाहिली. कुंपणाच्या कडेला बाभळीखाली चार ताटे होती, तिथे यशोदाबाईला गुडघ्यामुळे रोज जाणे जमले नव्हते. त्यांची तीन-तीन पाने शिल्लक होती. "यातलं काही तरी भरंल, मावशी," ती म्हणाली. "सगळेच दाणे पोचट निघत न्हाईत." पण ते सांगताना तिचा आवाज पक्का नव्हता. आणि मी, जिने ते काम स्वतः केले आहे, मी सांगते, त्या तीन पानांत एका कणसाला पुरेल एवढे नाही. चार दाणे उगवतील की नाही, हे मलाही ठाऊक नाही.

सपना निघाली तेव्हा यशोदाबाईने माझे पान तिच्या हातातून मागून घेतले. तांब्यात पाणी भरले आणि पानाचे बूड त्यात बुडवून तांब्या ओट्याच्या कडेला ठेवला. "पाण्यात ठेवलं तर जगंल का गं?" तिने विचारले. सपनाने तांब्या उन्हातून सावलीत सरकवला.

त्या तांब्यातूनच मी हे सांगते आहे. आज दुसरा दिवस. पाणी आहे म्हणून पान अजून ओले आहे आणि माझे काम चालू आहे. उद्या ते वाळेल. मग माझ्या शेजारणी मला तोडतील किंवा मी त्यांना. आमच्या जातीचा शेवट असाच असतो, त्याचे मला दुःख नाही. दुःख आहे ते शिरेच्या टोकाशी साचलेल्या ऐवजाचे. तो एका दाण्याला पुरला असता.

मित्रांनो, तुमच्या अंगणात, शाळेच्या आवारात, शेताच्या बांधावर एखादे तहानलेले झाड असेल आणि त्याचे खालचे पान पिवळे पडत असेल, तर त्याला पाणी द्या आणि पानाला हात लावू नका. ते आपल्या मनाने गळेल तेव्हा समजा, त्याचे काम झाले. आणि ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याच्यावर काही उपचार करायच्या आधी जरा कोणाला विचारा. माया असली म्हणजे ज्ञान येतेच असे नाही.

यशोदाबाई आज सकाळी पट्टीत गेली होती. तिने सगळ्या ताटांना पाणी घातले. पहिल्या ओळीतल्या एका ताटाच्या शेंड्याचे पान पिवळे पडू लागले होते. तिचा हात सवयीने पुढे गेला आणि तिने तो मागे घेतला. मग ती तिथेच मातीत बसली आणि त्या पानाला म्हणाली, "तू राहा माय." पण त्या ताटावर तेवढे एकच पान उरले होते.